पहिली पसंती लागली की जागा पक्की. कॅपचा फॉर्म भरण्याआधी खर्च मोजा

अणदूर (ता. तुळजापूर) : इंजिनिअरिंगच्या कॅप प्रवेशात पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं, तर जागा आपोआप ‘फ्रीझ’ होते. पुढच्या फेरीत जाता येत नाही. २०२५-२६ ला दुसऱ्या फेरीत पहिल्या ३ आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या ६ पसंतींना हाच नियम लागला.

कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना शिक्षण शुल्क पूर्ण माफ, ईबीसी मुलांना निम्मं. मात्र प्रवेश कॅपमधूनच हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. पुण्यातली खोली आणि मेस कुणी माफ करत नाही. तुळजापूर, सोलापूरला एसटीने ये-जा जमत असेल, तर ते कॉलेज वर टाकायला लाज कसली? उत्पन्नाचा दाखला तेवढा आधीच काढून ठेवा.