कोंडा, बिया आणि एका पथ्याचा इतिहास

आमच्या ओळखीतल्या एका काकांना काही वर्षांपूर्वी पोटात डाव्या बाजूला, खाली, जोरात दुखायला लागलं. ताप होता. सीटी स्कॅन झाला आणि निदान आलं: डायव्हर्टिक्युलायटिस. घरी सोडताना हातात जो कागद मिळाला, त्यावर औषधांच्या खाली एक ओळ होती: शेंगदाणे, तीळ, पेरू, टोमॅटो बंद. पुढच्या संक्रांतीला काकांनी तिळगूळ घेतला आणि नातवाच्या हातात देऊन टाकला. मला त्या ओळीनं पछाडलं. ही ओळ आली कुठून?

तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर हा प्रश्न सवयीनं विचारायला शिका. 'असं का सांगतात' एवढंच विचारून थांबू नका. 'असं पहिल्यांदा कशाच्या आधारावर सांगितलं' हे विचारा. दोन्हींची उत्तरं बऱ्याचदा वेगळी निघतात.

आधी आजार समजून घेऊ. मोठ्या आतड्याच्या भिंतीत, जिथून रक्तवाहिन्या आत शिरतात तिथे स्नायू थोडा कमकुवत असतो. वय वाढतं तसं त्या जागांतून आतलं अस्तर बाहेर ढकललं जातं आणि छोट्या पिशव्या तयार होतात. नुसत्या पिशव्या असणं म्हणजे डायव्हर्टिक्युलोसिस. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. त्यातली एखादी पिशवी सुजली की डायव्हर्टिक्युलायटिस. हे दोन शब्द वेगळे ठेवा, कारण पुढचा अर्धा गोंधळ ते एकत्र केल्यामुळे झाला आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेरियम देऊन एक्स-रे काढायची सोय झाली आणि या पिशव्या जिवंत माणसात दिसू लागल्या. मग उपचार आला. 1920 च्या दशकापासून जवळजवळ चाळीस वर्षं पाश्चात्त्य डॉक्टर अशा रुग्णांना चोथा नसलेलं, मऊ जेवण सांगत होते. तर्क साधा होता: आतडं दुखावलंय, त्याला खरखरीत काही देऊ नका, बी पिशवीत अडकेल आणि सूज येईल. ऐकायला पटतं ना? पण कुणी तपासलं होतं का? नाही. पटतं म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं, असं मला वाटतं.

याला पहिला मोठा धक्का दिला नील पेंटर या ब्रिटिश सर्जननं. 1960 च्या दशकात त्यानं ऑक्सफर्डमध्ये ट्रूलव्ह यांच्याबरोबर आतड्यात बारीक नळ्या घालून आतला दाब मोजला. त्याला दिसलं की आतडं जागोजागी आवळून बंद कप्पे तयार करतं आणि त्या कप्प्यांत दाब खूप चढतो. त्यातून त्यानं अंदाज बांधला: आतड्यात ऐवज कमी असेल तर त्याला जास्त जोर लावावा लागतो आणि तोच दाब अस्तर बाहेर ढकलतो. हे खरं असेल तर मऊ जेवण म्हणजे उपचाराच्या नावाखाली आजार वाढवणंच झालं.

दुसरा धागा आला नौदलातून. टी. एल. क्लीव्ह हा रॉयल नेव्हीचा डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात युद्धनौकेवर त्यानं बद्धकोष्ठ झालेल्या खलाशांना गव्हाचा कोंडा खायला दिला होता. मैदा आणि साखर हीच अनेक आधुनिक आजारांची जड आहे, असं त्याचं ठाम मत. त्याच्या लिखाणाकडे डेनिस बर्किटचं लक्ष गेलं. बर्किट म्हणजे युगांडात काम केलेला तोच आयरिश सर्जन, ज्याचं नाव एका लिम्फोमाला आहे. आफ्रिका आणि आशियातल्या मिशन हॉस्पिटलांशी त्याचा नेहमी पत्रव्यवहार असे. तो विचारायचा: तुमच्याकडे हा आजार किती दिसतो? उत्तर यायचं: जवळजवळ नाहीच.

1971 मध्ये पेंटर आणि बर्किट यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लेख लिहिला आणि या आजाराला पाश्चात्त्य संस्कृतीचा 'कमतरतेचा आजार' म्हटलं. कमतरता कसली, तर चोथ्याची. त्यांचा एक मुद्दा असा: ब्रिटनमध्ये 1880 च्या सुमारास रोलर गिरण्या आल्या, पिठातून कोंडा बाहेर गेला आणि एक पिढी उलटल्यावर हा आजार वाढला.

आता इथे थांबा आणि तुम्ही परीक्षक आहात असं समजा. काय शंका काढाल?

माझी पहिली शंका वयाची. हा आजार म्हातारपणाचा. तेव्हाच्या ग्रामीण आफ्रिकेत सत्तरीचे किती लोक बेरियमचा एक्स-रे काढायला हॉस्पिटलात येत होते? जो आजार शोधलाच जात नाही तो 'दिसत नाही' हे ओघानं आलं. दुसरी शंका: इंग्लंड आणि युगांडा यांच्यात फरक काय फक्त कोंड्याचा? तिसरी मला स्वतःला उशिरा सुचली. जपानसारख्या आशियाई देशांत या पिशव्या मुख्यतः आतड्याच्या उजव्या बाजूला आढळतात, युरोपात डाव्या. एकाच कारणाचं हे दोन्ही बाजूंचं स्पष्टीकरण देता येईल का?

तरीही बर्किटला मोडीत काढू नका. नकाशावर प्रश्न मांडायची त्याची पद्धत जबरदस्त होती. फक्त नकाशा हे उत्तर नसतं.

1972 मध्ये पेंटर आणि सहकाऱ्यांनी 70 रुग्णांना कोंडा दिला आणि बहुतेक तक्रारी कमी झाल्याचं कळवलं. तुलनेसाठी दुसरा गट मात्र नव्हता. 1977 मध्ये ब्रॉड्रिब यांनी प्लासिबो वापरून चाचणी केली, ती कोंड्याच्या बाजूनं गेली; पण रुग्ण होते 18. मग 1981 मध्ये ऑर्नस्टीन आणि सहकाऱ्यांनी 58 जणांना आळीपाळीनं कोंड्याचा क्रिस्पब्रेड, इसबगोल (हो, आपल्या घरातला तोच) आणि प्लासिबो असं प्रत्येकी चार महिने दिलं. बद्धकोष्ठ सुटलं, पण पोटदुखी आणि बाकीच्या तक्रारींत म्हणावा असा फरक पडला नाही. तोवर कोंड्याची पाकिटं दुकानांत पोचली होती आणि सल्ला पाठ्यपुस्तकांत. चाळीस वर्षं 'चोथा नको' आणि मग एकदम 'चोथा हवाच'. पुरावा दोन्हीकडे तोकडाच.

बियांची बंदी या सगळ्यात तशीच चालू राहिली. चोथा खा, पण बी नको! ती तपासली गेली थेट 2008 मध्ये. लिसा स्ट्रेट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 47,228 पुरुषांची 18 वर्षांची माहिती वापरली. आठवड्यातून दोनदा तरी नट्स खाणाऱ्यांना डायव्हर्टिक्युलायटिसचा धोका अगदी क्वचित खाणाऱ्यांपेक्षा सुमारे 20 टक्के कमी दिसला. पॉपकॉर्नचंही तसंच. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यामुळे 'नट्स वाचवतात' असं म्हणू नका. पण 'नट्समुळे होतं' याला त्यात कसलाही आधार सापडला नाही.

आता माझा आवडता भाग. 2012 मध्ये अॅन पीरी आणि सहकाऱ्यांनी कोलोनोस्कोपी झालेल्या 2,104 जणांना ते काय खातात ते विचारलं. जास्त चोथा खाणाऱ्यांत पिशव्या जास्त निघाल्या! बर्किटच्या बरोबर उलट. मग पुढच्याच वर्षी पीरी यांनीच दुसरा अभ्यास छापला, ज्यात आपल्याला पिशव्या आहेत हे आधीपासून माहीत असलेल्यांना वगळलं. कारण साधं आहे: निदान कळलेला माणूस कोंडा खायला लागतो आणि मग आपल्याला वाटतं की कोंड्यानंच आजार आणला. त्यांना वगळल्यावर चोथ्याचा संबंध ना इकडचा दिसला ना तिकडचा. स्वतःचाच खळबळजनक निष्कर्ष वर्षभरात स्वतः मवाळ करणं सोपं नसतं. तुमच्या गाइडना हे दोन पेपर शेजारी ठेवून दाखवा.

म्हणजे चोथा निरुपयोगी का? तसंही नाही. 2011 च्या ऑक्सफर्डच्या एका अभ्यासात 47,033 जणांपैकी शाकाहारी लोकांना या आजारानं हॉस्पिटलात जावं लागण्याचा किंवा मृत्यूचा धोका 31 टक्के कमी होता, आणि भरपूर चोथा खाणाऱ्यांनाही कमी. बघा, वर जे दोन शब्द वेगळे ठेवायला सांगितले ते इथे उपयोगी पडतात. पिशव्या तयार होणं हा एक प्रश्न आणि त्या त्रास देणं हा दुसरा. पहिल्यात वय आणि आनुवंशिकता मोठी; स्वीडनच्या जुळ्यांच्या अभ्यासात या आजाराचा सुमारे 40 टक्के वाटा आनुवंशिक निघाला. आहाराचं वजन दुसऱ्या प्रश्नात जास्त दिसतं.

औषधांचीही गत अशीच. सूज आली की अँटिबायोटिक, हे इतकं उघड वाटायचं की कुणी विचारलंच नाही. 2012 मध्ये स्वीडन आणि आइसलंडमधली 623 रुग्णांची चाचणी आली. सीटी स्कॅनवर साधी, गुंतागुंत नसलेली सूज असलेल्यांत अर्ध्यांना अँटिबायोटिक दिलं, अर्ध्यांना नाही. बरं होण्यात, गुंतागुंतीत, वर्षभरात पुन्हा त्रास होण्यात फरक दिसला नाही. नेदरलँड्सच्या 2017 च्या चाचणीनंही तेच सांगितलं. गळू झालं असेल, आतडं फुटलं असेल किंवा रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे अँटिबायोटिक लागतंच, कधी शस्त्रक्रियाही. पण सरसकट सगळ्यांना देणं आता मार्गदर्शक तत्त्वांतून मागे पडलंय. सूज असताना काही दिवस पातळ आहार, ओसरली की हळूहळू चोथ्याचं जेवण, आणि नट्सवर बंदी नाही, असा सध्याचा साधारण सल्ला आहे.

काकांना मी 2008 च्या अभ्यासाबद्दल सांगितलं. त्यांनी पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारलं, डॉक्टर हसून म्हणाले खा. शेंगदाण्याची चटणी ताटात परत आली. पेरूच्या बिया मात्र काका अजूनही चमच्यानं काढून टाकतात.