फ्लॉपीच्या देवघेवीतून

संगणकाचा ‘व्हायरस’ हा शब्द आज शाळकरी मुलांच्याही तोंडी असतो. त्याला शास्त्रीय अर्थ मात्र एका विद्यापीठाच्या परिसंवादात मिळाला. नोव्हेंबर १९८३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात संशोधन करणाऱ्या फ्रेड कोहेन यांनी आपलीच प्रत दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये रुजविणारा एक प्रोग्रॅम आठ तासांच्या श्रमाने सिद्ध केला. त्याला हे नाव सुचविले ते त्यांचे मार्गदर्शक लेन एडलमन यांनी.

आम्हांस या प्रयोगात विशेष वाटते ते त्यातील वेषांतर. फायलींची रचना चित्ररूपाने दाखविणाऱ्या एका सोयीच्या प्रोग्रॅममध्ये कोहेन यांनी हा व्हायरस दडविला, आणि नवे साधन आल्याची वार्ता संगणकावरील सूचनाफलकावरून सर्वांपर्यंत पोहोचविली. कुलूप तोडण्याचा प्रश्नच नव्हता. जो तो आपण होऊन तो प्रोग्रॅम चालवी, आणि चालविणाऱ्याला जे अधिकार असत तेच व्हायरसलाही मिळत. पाच वेळा प्रयोग झाला. पाचही वेळा तासाभराच्या आत सर्व अधिकार कोहेन यांच्या हाती आले, एकदा तर पाच मिनिटांच्या आत. हल्ला चालू आहे हे ज्यांना ठाऊक होते, त्यांनाही लागण झाली. निष्कर्ष कळल्यावर व्यवस्थापकांनी काय केले? असे प्रयोग यापुढे होऊ द्यायचे नाहीत, असे ठरविले. सरकारी सेवेत आयुष्य घालविलेल्या आम्हांला या निर्णयाचे नवल वाटले नाही.

पण न होऊ दिलेला प्रयोग चार वर्षांनी आपोआप झाला. विद्यार्थ्याजवळ स्वतःचा संगणक असणे त्या काळी दुर्मीळ होते. पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठाच्या संगणककक्षातून, ग्रंथालयातून पुस्तक न्यावे तशी, फ्लॉपी नेता येई. नोव्हेंबर १९८७ मध्ये या फ्लॉप्या निकामी होऊन परत येऊ लागल्या. यंत्र सुरू होताना लागणाऱ्या ‘कमांड डॉट कॉम’ या फायलीत व्हायरस बसला होता. चार प्रती झाल्या की तो त्या डिस्कवरील माहितीची अनुक्रमणिकाच पुसून टाकी. एक खूण तेवढी त्याने मागे ठेवली होती: फायलीवरची तारीख बदललेली असे.

हा व्हायरस विद्यापीठाबाहेर फारसा गेला नाही, याचे कारण त्याचा उतावीळपणा. ज्या फ्लॉपीवर प्रवास करायचा तिलाच तो मारीत असे. याउलट १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी केलेला ‘ब्रेन’ फ्लॉपीच्या आरंभीच्या भागात मुकाट बसून राही. आपल्या सॉफ्टवेअरची चोरून नक्कल होऊ नये एवढाच हेतू होता, असे ते भाऊ सांगत. त्यांनी त्यात स्वतःचा नाव-पत्ताही घातला होता! हा सौम्य पाहुणा १९८७ मध्ये अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठापर्यंत पोहोचला. त्याच वर्षी जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात आणखी एक व्हायरस सापडला. तेरा तारखेच्या शुक्रवारी जो प्रोग्रॅम चालवावा तो पुसणारा. एकाच फायलीला तो पुनःपुन्हा चिकटे, त्यामुळे फायली फुगत गेल्या आणि तो उघडकीस आला.

तिन्ही ठिकाणी वाहक एकच, एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी फ्लॉपी. टिपणे, प्रबंध, खेळ, सारे तिच्यातूनच फिरे, आणि विद्यापीठ म्हणजे तरी दुसरे काय? आमच्या कचेरीत संगणक आले तेव्हा ‘चपला बाहेर काढाव्यात’ ही पाटी दाराशी आधी लागली. ‘बाहेरची फ्लॉपी आणू नये’ ही बरीच नंतर.

फ्लॉपी गेली, पेनड्राइव्ह आला. मध्यंतरी नात्यातील एका मुलाने वसतिगृहात आराखड्यांचे महागडे सॉफ्टवेअर फुकट मिळविले. आधी अँटिव्हायरस बंद करावा, अशी सूचना त्याच्यासोबतच होती. ती त्याने निमूटपणे पाळली. दुसऱ्या दिवशी प्रकल्पाची एकही फाईल उघडेना. दुसरी प्रत कोठेच ठेवलेली नव्हती. मित्रानेच दिले होते, एवढेच तो आम्हांला सांगत राहिला. मित्राला ते कोणी दिले, हे मित्रालाही आठवत नव्हते.