नीरेचा नकार

प्रभात फिल्म कंपनीचा ‘कुंकू’ हा बोलपट १९३७ साली पडद्यावर आला. ‘दुनिया न माने’ ही त्याची हिंदी आवृत्तीही त्याच वर्षीची. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेली, नीरेच्या भूमिकेत शांता आपटे आणि काकासाहेबांच्या भूमिकेत केशवराव दाते. जाणकारांनी त्या वेळी या चित्राची वाखाणणी केली, आणि हिंदी चित्रपटाचा इतिहास लिहिणारे आजही त्यास मानाचे पान देतात. थोरवीबद्दल सर्वांचे एकमत आहे. मतभेद आहे तो त्यातील माणसांबद्दल. हे चित्र जेव्हा जेव्हा चार रसिकांच्या मेळाव्यात दाखविले जाते, तेव्हा दिवे लागल्यावर जी चर्चा होते ती अभिनयाविषयी फारशी नसते. चर्चा होते ती काकासाहेब बिचारे की अपराधी, आणि नीरा मानिनी की हटवादी, याविषयी.

आमच्या कानांवर पुनःपुन्हा आलेले निवाडे तीन आहेत. पहिला असा की, चूक झाली खरी, परंतु त्या वृद्धाने तिच्यावर कधी बळजोरी केली नाही, अखेरीस तर प्राणच दिले. एवढ्या माणसाशी ती जरा मृदुतेने वागली असती तर काय बिघडले असते? दुसरा निवाडा याच्या नेमका उलट: ज्याने पोरीचे आयुष्य पैसे मोजून घेतले त्याच्या अश्रूंची किंमत ती काय? तिसरा निवाडा दिग्दर्शकावरचा आहे. इतका धीट प्रश्न उभा केला, आणि उत्तर देण्याची पाळी आली तेव्हा म्हाताऱ्यास मारून मोकळे झाले. ही पळवाट होय, असे हा तिसरा पक्ष म्हणतो. या तिन्ही पक्षांत शहाणीसुरती माणसे आहेत. तथापि तिन्ही पक्षांनी खटल्याचे कागद पुरते वाचलेले नाहीत, असे वकिलीच्या पेशामुळे आम्हांस वाटते. १९३७ साली पुण्यातल्या त्या घरात कोणाला कोणता दरवाजा उघडा होता, हे पाहिल्याशिवाय या दोघांच्या स्वभावाचा न्याय करता येणार नाही.

आधी कथानक थोडक्यात. पोरकी नीरा ज्या नातेवाइकांच्या आश्रयाने वाढते, तेच पैशाच्या लोभाने तिला एका बिजवराच्या पदरी बांधतात आणि हे कारस्थान तिला कळू देत नाहीत. नवरा पेशाने वकील, सुधारणेच्या गोष्टी करणारा, आणि त्याची मुले नीरेच्या वयाची. नीरा त्या घरात राहते, पण त्याची पत्नी म्हणून राहण्यास ती स्पष्ट नकार देते. घरातील म्हाताऱ्या बाईचा सासुरवास ती सोशीत नाही आणि सावत्र मुलाच्या आगळिकीस जशास तसे उत्तर देते. सावत्र मुलगी मात्र तिच्या बाजूने उभी राहते. शकुंतला परांजपे यांनी ही भूमिका केली आहे. हळूहळू काकासाहेबांना आपल्या कृत्याचे स्वरूप उमगते, आणि योग्य वराशी पुन्हा लग्न कर, असे पत्र तिच्यासाठी मागे ठेवून ते जीवन संपवितात.

ज्येष्ठ वाचकांना येथे देवलांची ‘शारदा’ आठवेल, आणि ती आठवलीच पाहिजे. ‘संगीत शारदे’चा पहिला प्रयोग १८९९ साली इंदुरास झाला. इंदूरकर ही गोष्ट अभिमानाने सांगतात, आणि तो अभिमान यथार्थ आहे. (१९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यास आपल्याकडे ‘शारदा कायदा’ म्हणतात, परंतु तो देवलांच्या नायिकेवरून नव्हे, तर अजमेरचे हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून. नाटकाची पुण्याई मोठी, म्हणून हा गोड गैरसमज टिकून आहे.) ‘शारदे’तील वृद्ध वर भुजंगनाथ हा हास्याचा विषय आहे. त्याच्या बाजूने एकही प्रेक्षक कधी रडला नसेल, आणि म्हणून नाटक सुटल्यावर वाद होण्याचे कारणही नव्हते. काकासाहेब प्रथम भुजंगनाथाच्याच कुळातले वाटतात. आरशापुढची ती तारुण्याची धडपड, पिकल्या केसांशी मांडलेले वैर, हे सारे प्रेक्षक हसत हसत पाहतो. पुढे त्याच आरशासमोर, भिंतीवरच्या जुन्या घड्याळाच्या सोबतीत, दात्यांसारख्या रंगभूमीवर मुरलेल्या नटाने जो एकाकी म्हातारा उभा केला आहे, त्यापुढे हसू ओठांवरच थिजते.

यात एका तांत्रिक गोष्टीचा मोठा वाटा आहे. या चित्रात पार्श्वसंगीत नाही. घरातली भांडी, घड्याळ, रस्त्यावरचे आवाज, ग्रामोफोन, एवढ्यावरच सारे भागविले आहे. नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते, तीही कथेतल्या प्रसंगातच. आता कोठे रडावे आणि कोणाचा राग धरावा, हे सांगणारे सारंगी-व्हायोलिन पाठीशी नसल्यामुळे प्रेक्षकास स्वतःच्या मनाने निर्णय करावा लागतो, आणि ज्याचे जसे मन तसा निर्णय होतो. तिन्ही निवाड्यांचे मूळ, आमच्या मते, येथे आहे.

आता कायद्याकडे वळू. ‘शारदे’त लग्न मोडते ते वर वृद्ध आहे म्हणून नव्हे, वधूची संमती नाही म्हणूनही नव्हे, वर आणि वधूपिता सगोत्र निघाले म्हणून! १८९९ साली देवलांसारख्या कळकळीच्या सुधारकालाही मुलीची सुटका करण्यासाठी धर्मशास्त्रातील एका तांत्रिक दोषाचा आधार घ्यावा लागला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. ‘कुंकू’मध्ये असा दोषही नाही. नीरा अजाण बालिका नाही. १ एप्रिल १९३० पासून अमलात आलेल्या सारडांच्या कायद्याने मुलीची किमान वयोमर्यादा चौदा ठरविली होती, आणि त्या मर्यादेचा भंग झाला तरी गुन्हेगारास शिक्षा होई, लग्न मात्र कायम राही. फसवणुकीने लावलेले लग्न अवैध ठरू शकते हे तत्त्व न्यायालयांना अगदीच अपरिचित नव्हते. परंतु सप्तपदी झाली म्हणजे घडलेले अघडलेले होत नाही, या जीमूतवाहनाच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या न्यायाचा पगडा जबरदस्त होता. एकदा विधी पुरे झाले की, लग्न मोडण्यास न्यायालये सहसा धजत नसत. आणि घटस्फोट? मुंबई इलाख्यात, म्हणजे पुण्यात तसाच बेळगावातही, ज्यांच्या जातीत काडीमोडीची रूढी नाही अशा हिंदूंना १९४७ च्या मुंबईच्या कायद्यापर्यंत घटस्फोट हा शब्द पुस्तकातच वाचावयास मिळे.

इलाख्याच्या सीमेपलीकडे चित्र थोडे निराळे होते. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सरकारने १९३१ सालीच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला होता. पोर्तुगालात प्रजासत्ताक येताच १९१० मध्ये घटस्फोटाचा कायदा झाला आणि तो गोव्यापर्यंत पोहोचला. अर्थात कायदा पुस्तकात असणे निराळे, आणि एका पोरक्या मुलीने त्या पुस्तकाचे पान उलटणे निराळे. पण बडोद्याचा प्रेक्षक आणि पुण्याचा प्रेक्षक एकाच काकासाहेबांकडे १९३७ साली पाहत होते, तेव्हा एकाच्या राज्यात हा पेच न्यायालयात नेता येण्याजोगा तरी होता आणि दुसऱ्याच्या राज्यात तेवढेही नव्हते, हे ध्यानात घेणे बरे.

मग पुण्यातल्या नीरेपुढे काय उरले? पन्नास वर्षांपूर्वीच्या रखमाबाईंचे उदाहरण होते. दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली, पत्नीने नांदावयास यावे म्हणून दावा लावला. न्या. पिन्हे यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला, अपिलात ते फिरले, आणि १८८७ मध्ये रखमाबाईंना सांगण्यात आले की, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, आणि रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या. १९२३ च्या दुरुस्तीने अशा हुकूमनाम्यासाठी तुरुंगात टाकण्याची तरतूद गेली. परंतु रखमाबाईंना आश्रय देणारे घर होते, त्या नवऱ्याच्या घरी गेल्याच नाहीत. नीरेस घरच नाही. तिला नवऱ्याच्या छपराखाली राहूनच नवऱ्याला नकार द्यावा लागतो. चार भिंतींच्या आत, रोज, दोन वेळच्या जेवणासकट.

आमच्या मते या चित्राचा खरा विषय हा नकार आहे, आणि पहिल्या पक्षास तो हटवादीपणा वाटतो याचे कारण त्यांनी तो स्वभावाचा दोष म्हणून वाचला. तो दावा म्हणून वाचून पाहावा. फसवून घेतलेल्या संमतीचा दोष कसा धुतला जातो? जिला फसविले ती, सत्य कळल्यानंतर, तो व्यवहार आपखुशीने पुढे चालवू लागली म्हणजे. हे तत्त्व करारात आहे तसे विवाहातही आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम १२ आले. त्याने बळजोरीने अथवा फसवणुकीने संमती मिळविलेला विवाह रद्द करून घेण्याची सोय दिली; १९७६ च्या दुरुस्तीने तीत प्रतिपक्षाविषयीच्या महत्त्वाच्या वस्तुस्थितीबद्दलची फसवणूकही स्पष्टपणे घातली. आणि अट कोणती घातली? फसवणूक उघडकीस आल्यानंतर वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे, आणि ती उघडकीस आल्यावर अर्जदार स्वेच्छेने पती-पत्नीच्या नात्याने राहिलेली नसावी. नीरा नेमकी तशी राहिलेली नाही. जे कलम लिहिले जाण्यास अजून अठरा वर्षे होती, त्याची अट ती मुलगी जगून पुरी करीत आहे. ती मृदू झाली असती, काकासाहेबांची कीव येऊन एक दिवस ‘होय’ म्हणाली असती, तर त्या क्षणी तिने त्या व्यवहारावर स्वतःच्या सहीचा शिक्का मारला असता. प्रेक्षक तिच्याकडून जी ‘जराशी’ मृदुता मागतात, ती जराशी नाही. तीत सारे काही आले.

काकासाहेबांनी बळजोरी केली नाही, हे मात्र त्यांच्या जमेस धरलेच पाहिजे. त्या काळच्या दंडसंहितेने, पत्नीचे वय तेराच्या वर असले तर, नवऱ्याच्या बळजोरीस बलात्कार मानलेच नव्हते. जे करण्यास कायद्याने मोकळीक दिली होती ते या माणसाने केले नाही. त्याच कायद्याने आणखी एक लग्न करण्याचीही त्यास मोकळीक होती. इलाख्यात द्विभार्येला बंदी झाली ती १९४६ साली. तेही त्याने केले नाही. दात्यांचा काकासाहेब आम्हांस भिडतो तो यामुळे, अश्रूंमुळे नव्हे. परंतु म्हणून त्यास निर्दोष सोडावे, असे आम्ही म्हणणार नाही. तो वकील आहे. आपण कोणते दार लावून घेतो आहोत आणि ते आतून उघडत नाही, हे ठाऊक नसण्याची सबब इतर कोणास असेल, त्यास नाही.

यावरून तिसऱ्या पक्षाचेही उत्तर निघते. काकासाहेब काय करू शकत होते? ते तिला वेगळे बिऱ्हाड करून देऊ शकले असते, पोटगी बांधू शकले असते, मुलगी म्हणून वागवू शकले असते. पण तिला मुक्त करणे त्यांच्या हाती नव्हते. दोघांनीही कितीही इच्छिले तरी, त्या विवाहाचा अंत १९३७ साली पुण्यात एकाच रीतीने होऊ शकत होता. वृद्धाची आत्महत्या हे नाट्यदृष्ट्या भडक वाटते हे आम्हांस मान्य आहे. प्रायश्चित्ताचा सारा मोठेपणा पुन्हा पुरुषाच्याच पदरात पडतो आणि नीरा शेवटी पत्र वाचणारी होऊन राहते, हा आक्षेपही खोटा नाही. पण पळवाट म्हणाल तर, पळण्यास वाट होती कोठे? पतीस मारल्यावाचून नायिकेस सोडविता आले नाही, यात कथाकाराची अडचण होती त्याहून कायद्याची अधिक होती.

त्या पत्रासंबंधी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पुन्हा लग्न कर, असे काकासाहेब लिहितात, आणि विधवेस तशी मुभा १८५६ च्या कायद्याने होतीच. परंतु त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने, पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मिळकतीतील हक्क संपे. आणि योगायोग असा की, ‘कुंकू’ पडद्यावर आले त्याच १९३७ साली डॉ. जी. व्ही. देशमुख यांच्या प्रयत्नाने हिंदू स्त्रियांच्या मिळकतीचा कायदा झाला, ज्याने विधवेस पतीच्या मिळकतीत, शेतजमीन सोडून, मुलाइतका वाटा दिला. हा हक्क तिच्या हयातीपुरता. म्हणजे नीरा विधवा म्हणून बसून राहिली असती तर त्या उनाड सावत्र मुलाच्या बरोबरीने हिश्शाची मालकीण, आणि पत्रातल्या सल्ल्याप्रमाणे वागली तर रिकाम्या हाताची. वकील असलेल्या काकासाहेबांनी मृत्युपत्र केले होते की नाही, हे चित्र सांगत नाही. पडदा पडताना आम्हांस मात्र दर वेळी तीच चिंता पडते.

नांदावयास येण्याचा दावा अजून संपलेला नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये तो आहे. १९८३ साली हैदराबादच्या उच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले. पत्नी होती टी. सरिता, दाक्षिणात्य चित्रपटांतील नामांकित नटी. सोळाव्या वर्षी लग्न झालेले, आणि नवऱ्याचे म्हणणे की, तिने परत यावे. न्या. पी. ए. चौधरी यांनी ते कलमच घटनाबाह्य ठरविले. स्त्रीच्या देहावर तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाचा हुकूम चालू शकत नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. पुढच्याच वर्षी, सरोज राणी प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने ते मत अमान्य करून कलम वैध ठरविले. मधल्या त्या थोड्या महिन्यांत, निदान एका राज्यापुरता, नीरेचा पक्ष न्यायासनावरून मान्य झालेला होता.