सतरा वर्षांनी आलेला अल्बम

माझ्या लहानपणी भंडाऱ्यात गिटार दिसायची ती लग्नाच्या ऑर्केस्ट्रात. मुंबईत एक रॉक बँड १९८४पासून आहे, हे मला नागपुरात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी कळलं, तेही सीनियरच्या पेन ड्राइव्हमुळे. बँड इंडस क्रीड, अल्बम 'इव्हॉल्व्ह', साल २०१२.

आम्ही चौघं तेव्हा गॅदरिंगला दुसऱ्यांची गाणी वाजवायचो. स्वतःचं गाणं सुरू केलं की समोरची पोरं चहा प्यायला जायची. या बँडनेही हे भोगलं असणार. तेव्हा त्याचं नाव रॉक मशीन होतं. १९८८ला स्वतःच्या गाण्यांचा पहिला अल्बम आला, 'रॉक अँड रोल रेनेगेड'. खरं सांगतो, तो मला आज फार जुनाट वाटतो. पण तेव्हा इथे इंग्रजी रॉकमध्ये स्वतःचं लिहिणारे होते किती?

१९९३ला नाव बदललं, १९९५ला नव्या नावाचाच अल्बम आला. टीव्हीवर मात्र हिंदी पॉपची लाट होती. १९९७ला बँड फुटला.

२०१०मध्ये जुन्यांपैकी तिघं परत जमले: गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. सोबत दोन तरुण आले, बेसवर रुषाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय राव कवी. तरुण ड्रमर घेऊन जुनीच हिट गाणी वाजवत फिरता आलं असतं. त्यांनी नवी लिहिली.

मिक्सिंग टिम पामरने केलं. पर्ल जॅमचा 'टेन' मिक्स करणारा हाच. मिक्सिंग म्हणजे नुसता आवाज कमी-जास्त करणं नाही. प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर असतं. कोण पुढे, कोण मागे, कोण डाव्या कानात, कुणाला किती घुमारा, हे तिथे ठरतं. तोवर ते गाणं नसतं, फाइलींचा ढीग असतो.

असा एक ढीग माझ्याकडेही आहे. २०१७चा, चार गाण्यांचा, हार्ड डिस्कवर. आमचा ड्रमर आता तुमसरला घरची राईस मिल बघतो. 'इव्हॉल्व्ह'ची लिंक पाठवून त्याला विचारलं, आपलं काय?

दोन दिवसांनी व्हॉइस नोट आली, मागे मिलची घरघर. "दिवाळीच्या आधी ये बे. धान आलं की मले मरायलेही वेळ नसते."

महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तुमसर रोडपर्यंतचं तिकीट काढलंय. वेटिंग १४ आहे.