आजीच्या दोन विद्या

लग्नघरातील रुखवतात लाडवांच्या आणि चिरोट्यांच्या राशींशेजारी क्रोशाने विणलेले तोरण, ताटाभोवती मांडावयाची महिरप आणि काठाला मणी ओवलेले तांब्यावरचे झाकण हारीने मांडलेले असते, आणि ते पाहावयास आलेल्या प्रत्येक पाहुण्याला वधूपक्षाकडील एखादी मावशी अभिमानाने सांगते की, ही आमच्या घरची परंपरागत कला, मुलीच्या आजीच्या हातची. दिवाळीच्या ताटातील नानकटाईलाही असाच वंशपरंपरेचा दाखला मिळतो. यांपैकी आजीच्या हाताविषयीचे विधान निःसंशय खरे. परंतु परंपरेचे दप्तर उघडून रुजुवात घेऊ लागल्यास ती फार मागे जात नाही. १८१७ साली शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले, त्या दिवसापर्यंत महाराष्ट्रातील कोणत्याही रुखवतात क्रोशाची वस्तू मांडली गेली असणे संभवत नाही, कारण त्या वेळी खुद्द युरोपातही ही विद्या बाल्यावस्थेत होती.

दोन सुयांवरचे लोकरीचे विणकाम कित्येक शतके जुने आहे, आणि त्याचे जीर्ण मोजे संग्रहालयांतून पाहावयास मिळतात. टोकाला आकडी असलेल्या एकाच सुईने, एका फासातून दुसरा फास ओढीत जाळी वाढविण्याची ही रीत मात्र बरीच अलीकडची. लिस पालुदान या डॅनिश विदुषीने तिच्या मुळाचा कसून शोध घेतला, तेव्हा १८०० पूर्वीचा निर्विवाद पुरावा तिला युरोपात मिळाला नाही. या विणीचे नमुने प्रथम छापून आले ते १८२३ साली, ‘पेनेलोपे’ नावाच्या डच मासिकात. असे असता ती एकाएकी आली कोठून, या प्रश्नाची जी उत्तरे अभ्यासकांनी दिली आहेत, त्यांतील सर्वांत पटण्याजोगे उत्तर आपल्याला परत हिंदुस्थानात आणून सोडते.

कच्छ-गुजरातेतील मोची चामड्यावर भरत भरताना आरी वापरीत, आणि पुढे तीच आरी त्यांनी रेशमी व सुती कापडावर चालविली. कापड चौकटीवर ताणून बसवावयाचे, दोरा खालच्या अंगाला धरावयाचा, आरीचे टोक वरून खुपसून आकडीने दोरा वर ओढावयाचा, आणि त्या फासातूनच पुढचा फास काढावयाचा, म्हणजे कापडावर साखळी उमटत जाते. अशा साखळीटाक्याने भरलेले पडदे आणि पलंगपोस सतराव्या शतकात गुजरातेतून विलायतेला रवाना होत. सुरत म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे १६६४ आणि १६७० सालच्या महाराजांच्या स्वाऱ्याच प्रथम उभ्या राहतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याच काळात त्या मुलखातील हे भरतकाम परदेशी वखारवाल्यांच्या हिशेबवह्यांत चढत होते, हेही ध्यानात ठेवावे. अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील स्त्रियांनी हा पूर्वेकडचा टाका उचलला. डमरूसारख्या गोल चौकटीवर कापड ताणून त्या तो घालीत, आणि १७७० साली सें-ओबँ या राजदरबारी नक्षीकाराने भरतकामावरील आपल्या ग्रंथात त्याचे सविस्तर वर्णन दिले. पुढे कोणा चतुर स्त्रीने खालचे कापडच काढून टाकले आणि साखळी नुसत्या हवेत विणली, तोच क्रोशा, असे हे उत्तर आहे. मला ते मान्य होते याचे कारण पुराव्यापेक्षा हाताच्या गतीत अधिक आहे: आरी चालविणाऱ्या कारागिराचे मनगट आणि क्रोशा विणणाऱ्या वृद्धेचे मनगट ज्याने शेजारी शेजारी पाहिले आहे, त्याला दोघांचे गोत्र एकच वाटल्यावाचून राहणार नाही.

विलायतेतील दिवाणखान्यात ही विद्या एक हौस म्हणून सुखाने राहिली असती. तिला पोटापाण्याचा उद्योग केले ते दुष्काळाने. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर लागोपाठ रोग पडला, दहा लाखांच्या आसपास माणसे अन्नावाचून आणि साथींनी मेली, तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. त्या हलाखीत कॉर्क येथील अर्सुलाइन जोगिणींनी गरीब मुलींच्या हाती क्रोशाची सुई दिली, आणि क्लोन्स गावी कॅसान्ड्रा हँड या पाद्र्याच्या पत्नीने १८४७ च्या सुमारास तेथील शेतकऱ्यांच्या बायकांना याच कामाला लावले. व्हेनिसची उंची जाळी सुईने टाका टाका घालून करावयास जो काळ लागे, त्याच्या अल्पांशात तिची हुबेहूब छाया क्रोशाने उतरविता येते, हे मर्म लंडनमध्ये नमुन्यांची पुस्तके काढणाऱ्या रिएगो द ला ब्रांशार्दियेर या बाईंनी ओळखले होते. क्रोशाचा शोध आपणच लावला असाही त्यांचा दावा असे. तो कोणी गंभीरपणे घेत नाही, परंतु त्यांच्या पुस्तकांनी कित्येक घरांची चूल पेटविली, हे श्रेय त्यांना नाकारता येणार नाही.

हिंदुस्थानात ही सुई आली ती बहुतांशी मिशनऱ्यांच्या बायकांच्या पेटाऱ्यांतून. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळील नरसापूर येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिशनऱ्यांनी जाळीकाम शिकविले, आणि ते तेथे असे रुजले की पुढे तो त्या मुलखाचा व्यापार झाला. आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशनने १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा काढली आणि नंतर अहमदनगरकडे आपले काम वाढविले. अशा शाळांतून अक्षरओळखीच्या जोडीला शिवणटिपण असावयाचेच. दुष्काळाचा आणि सुईचा संबंध येथेही सुटला नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्यप्रांतात जाऊन निराधार मुली केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या, तेव्हा त्यांना वाचन शिकविण्याइतकेच हाताला काम देणे निकडीचे झाले, आणि शिवण, विणकाम, मागावरचे काम हे तेथील दिनचर्येचे अंग बनले.

परंतु मिशनच्या शाळेत पाऊलही न टाकणाऱ्या घरांत, सोवळे-ओवळे कडक पाळणाऱ्या माजघरांत, ही सुई शिरली कशी, हा कुळकथेतील खरा पेच आहे. १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, तेच पुढे हुजूरपागा म्हणून प्रसिद्धीस आले. तेथील अभ्यासक्रमावरून सुधारक आणि सनातनी यांच्यात जो कलह माजला, त्यात इंग्रजी किती, गणित किती, मुलीने शाळेत तास किती बसावे, अशा एकूण एक कलमावर मतभेद होते. वाद नव्हता तो सुईदोऱ्यावर. सुधारकांना त्यात उद्योगशीलता दिसे, सनातन्यांना गृहिणीधर्म दिसे, आणि या दोन पक्षांच्या मधून ती बारीकशी आकडी कोणाचीही हरकत न येता घरात गेली. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने १९०९ पासून पुण्यात प्रौढ आणि विधवा स्त्रियांसाठी शिवणकामाचे वर्ग चालविले, आणि १९३० साली निघालेल्या किर्लोस्करांच्या ‘स्त्री’सारख्या मासिकांच्या काळात तर विणकामाचे नमुने डाकेने दारी येऊ लागले.

तरीही आजीचे खरे विद्यापीठ छापील नव्हते. शेजारणीकडे, माहेरी, यात्रेत भेटलेल्या परगावच्या बाईकडे नवा रुमाल दिसला की तो उजेडाकडे धरून त्याची घरे मोजावयाची, चार बोटे नमुना तिथल्या तिथे विणून घ्यावयाचा आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात जपून ठेवावयाचा, ही त्या विद्येची वहिवाट. तिने परकी परिभाषा टाकून दिली आणि साखळी, खांब, मुका खांब असे घरबांधणीला शोभेसे शब्द योजले. चौकोनी घरांच्या जाळीत काही घरे खांबांनी भरून आणि काही रिकामी ठेवून अक्षरे उठविता येतात, हे कळताच तिने त्यात ‘सुस्वागतम्’ विणले, मोर विणले, तुळशीवृंदावन विणले. देवनागरीची शिरोरेषा या चौकोनांत रोमन लिपीच्या वळणांपेक्षा अधिक सरळपणे बसते, हा तिचा एक अनपेक्षित लाभ. तांब्यावरच्या झाकणाला मणी लावले ते शोभेसाठी असे पाहुण्यांना वाटते, पण त्यांच्या भाराने जाळी वाऱ्याने उडत नाही, हे आजीचे प्रयोजन. दोऱ्याची चकाकी मात्र तिच्या हातची नव्हे. लँकेशायरच्या जॉन मर्सरने १८५० साली सुती धाग्यावर तीव्र क्षाराची प्रक्रिया करण्याची सनद घेतली, १८९० च्या सुमारास तोच धागा ताणून धरून प्रक्रिया केल्यास त्याला रेशमाचे तेज येते असे आढळले, आणि स्कॉटलंडमधील पेझली व फ्रान्समधील म्युलूझ येथील गिरण्यांनी त्याचे गुंडे जगभर पाठविले. दुपारच्या वेळी वाती वळणारा हात त्या गुंड्याकडे वळला, तेव्हा कापसाशी त्याचा परिचय जुनाच होता.

नानकटाईचा प्रवास याहून अवघड झाला, कारण धाग्याला विटाळ नसतो, अन्नाला असतो. सुरतेतील दोटीवाला या पारशी घराण्यात सांगतात ती हकीकत अशी की, तेथील डच वखारीसाठी पाव भाजणारी भट्टी डच लोक गेल्यावर त्यांच्या पूर्वजाकडे आली. ताडीने फुगविलेला पाव स्थानिक लोक घेईनात, तेव्हा उरलेला पाव सुकवून विकता विकता बटर आणि नानकटाई हे पदार्थ सिद्ध झाले. हकीकतीचा तपशील घरगुती आहे, पण कारण मला अस्सल वाटते: ताडीचे आंबवण नको, अंडे नको, तूप-साखर-पीठ एवढेच असेल तर हिंदू गिऱ्हाईक तोंडात घालील, हा हिशेब पक्क्या व्यापाऱ्याचा आहे. सुरतेहून मुंबई आणि मुंबईहून पुणे हा रस्ता मग पारशी, इराणी आणि मुसलमान भट्टीवाल्यांनी केला.

पुण्यात बिस्किटाची पत काय होती, हे १८९० साली उघड झाले. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे समोर ठेवण्यात आली. रानडे आणि टिळक हे दोघेही हजर होते. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची यादी वर्तमानपत्रात छापविली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्तांवरून शहरात तट पडले. ज्या गावात एका पेल्यावरून आणि एका बिस्किटावरून एवढे रण माजले, त्याच गावातील घरांतून पुढे दोन पिढ्यांच्या आत दिवाळीपूर्वी नानकटाईचे पत्रे भट्टीकडे जाऊ लागले, याचे नवल कोणी केलेले नाही.

ती तडजोड आजीने केली, आणि ती कोणत्याही धर्मसभेच्या ठरावापेक्षा अधिक सूक्ष्म होती. पीठ घरचे, तूप घरचे, वेलची-जायफळ घरचे, मळणारा हात घरचा; भट्टीवाल्याचा केवळ अग्नी, आणि अग्नी सर्वभक्षक असून सर्वशुद्ध आहे हे तर शास्त्रवचनच. सकाळच्या पावाचे घाणे निघून गेल्यावर भट्टीत जी मवाळ धग उरते, ती नानकटाईला नेमकी मानवते. मुले डोक्यावर पत्रे घेऊन जात, पत्र्यावर नावाची चिठ्ठी असे, मजुरी पत्र्यागणिक ठरे, आणि आपल्याच पत्र्यावरचे नग परत आले की नाही हे आजी घरी मोजून घेई. जिथे भट्टी नव्हती तिथे तिने पातेल्यात वाळू तापवून त्यात डबा ठेवला, किंवा खाली निखारे आणि झाकणावर निखारे असा जुना उपाय केला. पाठारे प्रभू आणि कायस्थ प्रभू घरांतील भानोळे याच रीतीने भाजत, आणि गोव्यातील बिबिंक तर वरच्या निखाऱ्यांवाचून होतच नाही. तेव्हा ‘भाजणे हे आपले नव्हे’ असे म्हणणारांनी या झाकणांकडे पाहावे.

या पदार्थात कौशल्य आहे ते तूप फेसण्यात. थिजलेले तूप साखरेबरोबर हाताच्या तळव्याने एकाच दिशेने फिरवीत राहावयाचे, म्हणजे त्यात हवा कोंडते आणि ते पांढरे, हलके होते. पाणी नसल्याने मैद्याचा चिकटपणा जागा होत नाही, सोडा आणि दही यांच्या संयोगाने वायू सुटतो, आणि गोळा पसरता पसरता त्याच्या माथ्यावर भेगा पडतात. १९३७ साली डालडा बाजारात आला तेव्हा साजूक तुपाच्या अभिमान्यांनी नाके मुरडली, परंतु नेहमीच्या हवेतही घट्ट राहणारे ते तूप फेसावयास सोयीचे आणि खिशाला परवडणारे होते, आणि आजीने त्याचा नानकटाईपुरता, निमूटपणे, स्वीकार केला. मला तिच्या साऱ्या चरित्रात हा व्यवहारीपणाच अधिक आदरणीय वाटतो. जुने जपणारी म्हणून आपण तिचे चित्र रंगवितो. वस्तुतः परक्या वस्तूला कोणत्या अटींवर उंबऱ्याच्या आत घ्यावयाचे, हा निर्णय घरात सर्वप्रथम तीच करीत असे, आणि एकदा निर्णय झाला की दुसऱ्या पिढीला ती वस्तू सनातन वाटू लागे.

नानकटाई आता यंत्रावर पडते आणि पुड्यांतून मिळते. क्रोशाचे तसे झालेले नाही; ही वीण हुबेहूब घालणारे यंत्र निघालेले नाही, त्यामुळे केळवणासाठी बाजारातून आणलेली खरी क्रोशाची महिरप असेल तर ती कोणा तरी बाईने हातानेच विणलेली असते. मारिया मीस या जर्मन विदुषीने नरसापूरच्या जाळीवाल्या स्त्रियांवर १९८२ साली पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात या बायका घरकाम सांभाळून दिवसाकाठी सहा-आठ तास विणतात, माल परदेशी जातो, व्यापार पुरुषांच्या हाती असतो आणि विणणारीचे काम मात्र ‘फावल्या वेळचे’ समजले जाते, असे तिने दाखविले आहे. आमच्याकडील घरांत हिशेब निराळा होता, पण सदर तेच. आजोबांच्या रोजकीर्दीत मुनीमजींची पगारवाटणी, भट्टीवाल्याची पत्र्यांची मजुरी आणि शिंप्याची शिलाई वेगवेगळी मांडलेली असे. दोऱ्याचे गुंडे ‘किरकोळ’ खर्चात जमा होत, आणि त्यांतून निघालेले तोरण कोणत्याच पानावर येत नसे.