गाणगापूरच्या वाटेवर जुनी मोटार : स्टिअरिंगमधील ढिलेपणा कसा शोधावा, कसा दूर करावा

भीमा आणि अमरजा यांच्या संगमावर वसलेले गाणगापूर हे गोव्यातील दत्तभक्तांचे नित्याचे यात्रास्थान. चोर्ला घाट चढून बेळगाव, पुढे विजापूर आणि अफझलपूर असा हा चारशे किलोमीटरहून अधिक अंतराचा प्रवास आहे. घाटातील वळणे मागे पडली की काळ्या मातीचा सपाट प्रदेश लागतो. दत्तजयंतीचे दिवस म्हणजे ऊसतोडणीचेही दिवस. त्यामुळे अफझलपूरच्या परिसरात उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या समोरून येत असतात. त्यांना वाट देण्यासाठी चालकाने चक्र फिरवावे आणि मोटारीने ते उशिरा मानावे, हा धोका जुन्या मोटारींत सर्वाधिक असतो. म्हणून घरी जपलेली अँबेसेडर किंवा फियाट यात्रेला काढण्यापूर्वी इंजिनाइतकेच स्टिअरिंगही तपासले पाहिजे.

ढिलेपणा म्हणजे काय?

स्टिअरिंगचे चक्र फिरू लागल्यापासून पुढची चाके हलेपर्यंत जो रिकामा फेर जातो, त्याला कारागीर ‘प्ले’ म्हणतात. हा प्ले क्वचितच एका जागी असतो. चक्रापासून चाकापर्यंत अनेक सांधे असतात. प्रत्येकात किंचित झीज होते आणि तिची बेरीज चालकाच्या हातात जाणवते. एकच भाग बदलून किंवा एकच स्क्रू आवळून ती नाहीशी होत नाही, याचे कारण हेच.

दोन मोटारी, दोन रचना

कोलकात्याजवळील उत्तरपाडा येथे १९५८ पासून २०१४ पर्यंत तयार झालेली अँबेसेडर ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली होती. तिच्या मूळ रचनेत रॅक-पिनियन स्टिअरिंग आहे. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट ११००, जिला पुढे १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले, तिच्यात मात्र वर्म असलेला स्टिअरिंग बॉक्स आणि त्यापुढे दांड्यांची साखळी आहे. सांधे अधिक, म्हणून प्लेच्या जागाही अधिक.

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतील नियम ९८ नुसार चक्रावरील प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा, जोडदांड्यांच्या सर्व बॉल जॉइंटांवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट व पिना निसटणार नाहीत अशा पक्क्या केलेल्या असाव्यात. ३८ सेंटिमीटर व्यासाच्या चक्रावर ३० अंश म्हणजे कडेला सुमारे १० सेंटिमीटर. ब्रिटनच्या वाहन तपासणीत याच मापाच्या चक्राला बॉक्स असल्यास ७५ मिलिमीटर आणि रॅक असल्यास केवळ १३ मिलिमीटर इतकीच मुभा असते. आपली मर्यादा सैल आहे. तिच्या आत असणे म्हणजे निर्धोक असणे नव्हे.

आणखी एक नियम ध्यानात ठेवावा. ५० वर्षांहून जुनी मोटार २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवली असेल, तर ती प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. यात्रा त्यात येत नाही.

तपासणीचा क्रम

आधी टायरमधील हवा आणि चाकांचे नट पाहावेत. कमी हवेमुळेही मोटार रस्त्यावर भटकते आणि दोष विनाकारण स्टिअरिंगवर येतो. मग मोटार सपाट जागी, चाके सरळ ठेवून उभी करावी. चक्राच्या कडेवर खडूची खूण करून प्ले मोजावा व लिहून ठेवावा.

यानंतर दोन माणसे लागतात. एकाने चक्र डावी-उजवीकडे हलकेच हलवत राहावे. दुसऱ्याने खड्ड्यातून किंवा रॅम्पखालून एकेक सांध्यावर हात ठेवावा. कॉलमचा जोड, बॉक्स किंवा रॅक चासिसला धरणारे बोल्ट, ड्रॉप आर्म, आयडलर आणि टाय रॉड एंड या क्रमाने जावे. एक बाजू हलते आणि दुसरी थांबते, तो सांधा झिजलेला.

शेवटी पुढचे चाक जॅकने उचलून मोटार भक्कम स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवर कधीही काम करू नये. चाक वर-खाली धरून हलवल्यास प्ले जाणवला, तर सहकाऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. प्ले नाहीसा झाला तर दोष हब बेअरिंगचा. राहिला तर किंगपिनचा.

दुरुस्ती

किंगपिनला प्रथम ग्रीस द्यावे, तेही चाक उचललेले असताना. तेव्हाच ते दाब पडणाऱ्या बाजूपर्यंत पोहोचते. जुने, काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत गन चालवावी. तरीही प्ले उरल्यास पिन आणि बुश दोन्ही एकत्र बदलावे. नवा बुश बसवल्यावर पिनच्या मापाला रीम करावा लागतो. हे काम अनुभवी कारागिराचेच.

झिजलेला टाय रॉड एंड दुरुस्त होत नाही, तो बदलावा लागतो. जुना काढताना किती फेऱ्यांत सुटला हे मोजून नवा तितक्याच फेऱ्या बसवावा. नट नीट आवळल्यावर पिनचे भोक जुळले नाही, तर नट सैल न करता किंचित पुढे आवळावा आणि स्प्लिट पिन दरवेळी नवी घालावी. अँबेसेडरमध्ये रॅकच्या रबरी बुटाला चीर असल्यास तो आधी बदलावा. आत शिरलेली धूळ दातांना खाते.

बॉक्सचा स्क्रू सर्वांत शेवटी

प्ले दिसताच बॉक्सवरील स्क्रू आवळण्याचा मोह अनेकांना होतो. बॉक्सची झीज मधल्या, म्हणजे सरळ चालण्याच्या जागी सर्वाधिक असते. तेथील प्ले पूर्ण घालवण्याइतका स्क्रू आवळला, तर पूर्ण वळणाच्या जागी बॉक्स आखडतो आणि घाटातील वळणानंतर चक्र आपोआप सरळ होत नाही. म्हणून इतर सर्व सांधे दुरुस्त झाल्यावरच, पुढची चाके उचलून, स्क्रू थोडा थोडा आवळावा आणि प्रत्येक वेळी चक्र दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे. कोठेही अडखळल्यास स्क्रू सैल करावा. बॉक्समधील गिअर ऑइलची पातळीही याच वेळी पाहावी.

काम झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे, आधी लिहून ठेवलेल्या मापाशी नवा प्ले ताडून पाहावा आणि गावातल्या गावात कमी वेगाने चाचणी घ्यावी. दुरुस्ती आणि यात्रा यांत निदान आठवडाभराचे अंतर असावे. नवे भाग थोडे चालल्यावर बसतात. सर्व नट आणि पिना निघण्यापूर्वी पुन्हा एकदा पाहणे हा या दुरुस्तीचाच शेवटचा भाग आहे.