चेरीताल: दासीच्या तळ्याची कुळकथा

जबलपुरात पत्ता विचारला की तळ्यांची नावं कानावर पडतात. राणीताल, चेरीताल, आधारताल, हनुमानताल. राणीतालला रिक्षातून उतरलात तर समोर क्रीडासंकुल, आणि चेरीताल म्हणजे घरादुकानांनी भरलेली वस्ती. हे शहर स्वतःला बावन्न तालांचं म्हणवतं. हा आकडा कुणी मोजून काढलेला नसावा. गोंड राजा संग्रामशहाच्या नावावर गडही बावन्नच आहेत. तळ्यांनी संख्या तिथूनच उसनी घेतली असावी, असा आपला माझा कयास.

चेरीतालची जन्मकथा स्लीमनने लिहून ठेवली आहे. ठगांच्या बंदोबस्तामुळे आपल्याला माहीत असलेला हाच तो स्लीमन. गढा-मंडल्याच्या राजांचा इतिहास त्याने १८३७ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला. त्यात राणी दुर्गावतीच्या तळ्याची हकिगत येते. दुर्गावती ही संग्रामशहाची सून. नवरा गेल्यावर १५५० ते १५६४ अशी चौदा वर्षं तिने अल्पवयीन मुलाच्या नावाने राज्य केलं आणि अकबराचा सरदार आसफखान चालून आला तेव्हा २४ जून १५६४ रोजी ती नर्रईच्या लढाईत पडली. या चौदा वर्षांत तिने खोदवलेला मोठा तलाव म्हणजे राणीताल. काम चालू असताना तिच्या एका दासीने, चेरीने, तिच्याकडे मागणं मागितलं: मजुरांनी आणि बैलवाल्यांनी संध्याकाळी काम थांबवण्याआधी मातीची एक खेप मी दाखवीन त्या जागेतून काढावी. राणी हो म्हणाली. खेपेखेपेने शेजारी दुसरं तळं झालं, दासीला पदरचा छदाम न लागता. तिसरा ताल राणीचा दिवाण आधारसिंह याच्या नावाचा. राणी, दासी आणि कारभारी या तिघांचीही नावं पाण्यावर राहिली. दरबाराच्या बखरीत दासीला एवढी जागा मिळती ना.

याच मुलखात आणखी जुन्या धाटणीची एक गोष्ट सांगतात. अनुपम मिश्र यांनी १९९३च्या ‘आज भी खरे हैं तालाब’ या पुस्तकाची सुरुवातच तिने केली आहे. कूडन, बुढान, सरमन आणि कौंराई हे चार शेतकरी भाऊ. कूडनच्या मुलीच्या पायाला शेताकडे जाताना दगडाची ठेच लागते, ती रागाने त्यावर विळा मारते आणि विळा सोन्याचा होतो. घाबरून भाऊ परीस राजाकडे घेऊन जातात. राजा परीसही घेत नाही आणि सोनंही. तळी बांधा म्हणतो. त्यातला कुंडम सागर जबलपूर जिल्ह्यातल्या कुंडमचा, आणि नर्मदेला मिळणारी हिरन नदी उगम पावते तीही कुंडमच्याच परिसरात.

आता विहिरींकडे येतो, कारण तळ्याशिवाय इथली विहीर समजत नाही. मदनमहाल आणि गढा भागातल्या टेकड्या ग्रॅनाइटच्या. पाऊस भरपूर पडतो, पण अखंड खडकात तो मुरत नाही, वाहून जातो. दोन टेकड्यांमधल्या घळीला बांध घातला की पाणी थांबतं आणि खडकाच्या भेगांतून, वरच्या कुजक्या थरातून सावकाश खाली झिरपतं. बांधाच्या खालच्या अंगाला खोदलेल्या विहिरीला, बावडीला ते लागतं. वर तलाव, खाली बावडी असा हा जोड आहे. देव दोन्हीकडे बसवलेले: संग्रामसागर तलावाच्या काठी बाजनामठाचा भैरव, बावडीच्या काठी बहुधा महादेवाची पिंड. देवामुळे पाणी पवित्र झालं म्हणतात. मला वाटतं, पाणी घाण होऊ नये म्हणून देवाला पहाऱ्यावर बसवलं.

१७८१ मध्ये मराठे आले, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला, १८१७ मध्ये इंग्रज आले. तोवर पाण्याची व्यवस्था तीच. ती मोडली नळाने. १८८०च्या दशकात खंदारी जलाशयाचं पाणी शहरात आलं, पुढे नर्मदेचंही आलं. पाणी दारात आल्यावर तळं म्हणजे नुसती सखल, स्वस्त जमीन उरली. ती बुजवली. बुजवणाऱ्यांना शेजारच्या विहिरी का आटतात याचं नवल वाटलं असेल, नसेल. आटलेल्या विहिरीत आधी निर्माल्य, मग कचरा, मग वर स्लॅब.

स्लॅबचं काय होतं ते मध्य प्रदेशाने इंदूरला पाहिलं. ३० मार्च २०२३, रामनवमी. बेलेश्वर महादेवाच्या देवळात हवनाला बसलेल्या लोकांखालची फरशी कोसळली. खाली जुनी बावडी होती. ३६ माणसं गेली. त्यानंतर झाकलेल्या बावड्यांची शोधाशोध झाली आणि पुढे राज्य सरकारच्या जल गंगा संवर्धन अभियानात बावड्यांची साफसफाई, पूजा, दीपोत्सवही सुरू झाले.

साफसफाई हवीच. पण गाळ काढलेल्या बावडीत पाणी येणार ते वरच्या तळ्यातून, आणि राणीतालच्या जागी आता मैदान आहे. आधारताल अजून पाण्याचा आहे, हनुमानतालही आहे. खर्च करायचाच तर मी पहिला रुपया बावडीच्या रंगरंगोटीवर न घालता या दोघांच्या काठांवर आणि त्यांत पाणी आणणाऱ्या ओहळांवर घालीन.